टक् टक् न करणारा माउस : ऑफिसच्या कामासाठी निवड कशी करावी?

कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर कोणता, रॅम किती, यावर आपण कॅन्टीनमध्ये तासन् तास वाद घालतो. माउस मात्र दुकानदार हातात देईल तो घेऊन मोकळे होतो. खरं पाहता दिवसातले सात-आठ तास आपला हात ज्या वस्तूवर असतो ती वस्तू माउसच आहे. प्रोसेसरला तर आपण कधी हातसुद्धा लावत नाही! म्हणून या लेखात ऑफिसच्या कामासाठी कमी आवाजाचा, लहान आकाराचा आणि बिनवायरचा माउस कसा निवडावा, हे थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडं ध्वनिशास्त्र वापरून पाहू या.

"माउसच्या आवाजाचं एवढं काय?" असं कुणी विचारेल. हा प्रश्न कन्हानमध्ये राहणाऱ्याला सहसा पडत नाही. आमच्या आजूबाजूला वेकोलिच्या गोंडेगाव, इंदर, कामठी अशा खदानी आहेत आणि खदान तीन पाळ्यांमध्ये चालते. म्हणजे गल्लीतल्या कुठल्या ना कुठल्या घरात दुपारी बारा वाजता कुणीतरी झोपलेलं असतंच. आमच्या घरी ते बाबा असतात. ते डंपर चालवतात. ताई नागपूरच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरूनच करते आणि आठवड्यातून एकदा ऑफिसला जाते. दोन खोल्यांचं क्वार्टर, मध्ये दाराऐवजी पडदा. पडद्याच्या अलीकडे दिवसभर टक् टक्, पलीकडे रात्रपाळी करून आलेला माणूस. दिवसाची झोप आधीच उथळ असते, कारण शरीराचं घड्याळ त्या वेळी जागं राहायला सांगत असतं. आणि अर्धवट झोप झालेला माणूस रात्री पुन्हा डंपरच्या स्टिअरिंगवर बसतो. तेव्हा आमच्या घरी माउसची निवड ही चैनीची बाब नव्हती.

कायद्याची इथे फारशी मदत होत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे सगळी वस्ती रात्रीच झोपते असं गृहीत धरलं आहे! जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना जास्त उपयोगी वाटतात. त्यात झोपण्याच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल आणि मधूनच होणाऱ्या एखाद्या आवाजासाठी ४५ डेसिबल असे आकडे दिले आहेत. यातला "मधूनच होणारा" हा भाग महत्त्वाचा आहे. सतत चालणाऱ्या पंख्याच्या घरघरीची कानाला सवय होते. शांततेत अचानक होणाऱ्या टक् आवाजाची होत नाही.

याच कारणामुळे विदर्भात या प्रश्नाला ऋतू आहे. मे महिन्यात कूलर सुरू असला की त्याच्या घुर्रघुर्रीत माउसचा आवाज पार बुडून जातो. ध्वनिशास्त्रात याला मास्किंग म्हणतात. उन्हाळ्यात आपल्याकडे कोणताही माउस सायलेंटच! खरी परीक्षा पाऊस सुरू झाला आणि कूलर बंद झाला की सुरू होते, आणि थंडीत पंखाही बंद झाला की क्लिकचा आवाज घरभर जातो. त्यामुळे उन्हाळ्यात कूलरसमोर उभं राहून सायलेंट माउस पसंत करण्यात काही अर्थ नाही.

आवाज येतो कुठून?

माउसच्या डाव्या-उजव्या बटणांखाली मायक्रोस्विच असतो. त्यात धातूची एक पातळ, किंचित वाकवलेली पट्टी असते. बटण दाबत गेलो की पट्टीवर ताण साठत जातो आणि एका ठराविक बिंदूला ती झटकन पलटी खाऊन समोरच्या संपर्कावर आपटते. बोट उचललं की तीच पट्टी परत उडी मारून जागेवर येते. म्हणजे एका क्लिकमध्ये आवाज दोन असतात, एक दाबतानाचा आणि एक सोडतानाचा. डबल क्लिकमध्ये चार. ही झटका देणारी रचना काही उगाच ठेवलेली नाही. संपर्क पटकन आणि पक्का जुळावा, आणि क्लिक झाल्याचं बोटाला कळावं, यासाठी ती आहे.

सायलेंट माउसमध्ये ही आपट मऊ केलेली असते. कुठे स्विचच्या आत रबरासारखा भाग घालतात, कुठे पट्टीची चाल कमी ठेवतात. आवाज उतरतो, पण त्याबरोबर बोटाला मिळणारा ठसकाही उतरतो. याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही. काही जणांना क्लिक झालं की नाही तेच कळत नाही आणि ते बटण विनाकारण जोरात दाबू लागतात. दिवसभर एक्सेल किंवा टॅलीवर काम करणाऱ्याच्या बोटांना हे चांगलं नाही. ताईला जुळवून घ्यायला साधारण आठवडा लागला. ज्याला आवडतच नाही त्याने ओढूनताणून असा माउस घेऊ नये असं माझं मत आहे.

आता थोडं गणित. २०१६ साली लॉजिटेकने एम २२० आणि एम ३३० हे सायलेंट माउस बाजारात आणले, आणि क्लिकचा आवाज ९० टक्के कमी, असा दावा केला. तेव्हापासून खोक्यावर ९० टक्के छापायची फॅशनच झाली आहे. पण ९० टक्के कशाचे? ध्वनीची तीव्रता एक दशांश झाली तर फरक १० लॉग १०, म्हणजे १० डेसिबल होतो. ध्वनिदाब एक दशांश झाला तर २० लॉग १०, म्हणजे २० डेसिबल. दोन्ही ठिकाणी "९० टक्के कमी" असं म्हणता येतं. आणि आपला कान लॉगरिदमने ऐकत असल्यामुळे १० डेसिबल उतरलेला आवाज आपल्याला ढोबळमानाने निम्मा झाल्यासारखा वाटतो, एक दशांश नव्हे. म्हणजे खोक्यावर ९० लिहिलेलं असलं तरी कानाला ५० टक्केच जाणवू शकतं. कंपनी खोटं बोलत नसते, पण टक्के आणि डेसिबल यांची गल्लत होऊ द्यायला तिची काही हरकत नसते.

मग स्वतःच मोजा की! त्यासाठी साऊंड लेव्हल मीटर लागत नाही. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आपल्या लॅबमध्ये आहेच. पंखा बंद करा. दोन्ही माउस एकाच टेबलवर, माइकपासून सारख्याच अंतरावर, समजा ३० सेंटीमीटरवर ठेवा. माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर सगळी मेहनत वाया. प्रत्येकाचे वीस-वीस क्लिक रेकॉर्ड करून शिखरांची डेसिबलमधली सरासरी काढा. समजा साध्या माउसचं शिखर उणे १२ आणि सायलेंटचं उणे २६ आलं, तर फरक १४ डेसिबल, म्हणजे ध्वनिदाब पाचपट कमी. आपल्याला फक्त फरक हवा असल्यामुळे माइक कॅलिब्रेट केलेला नसला तरी बिघडत नाही. मोबाईलवरची डेसिबल दाखवणारी ॲप्स मात्र यासाठी कुचकामी आहेत. क्लिक काही मिलिसेकंदांत संपतो आणि ती ॲप्स सरासरी दाखवत बसतात.

खरेदीच्या आधी करण्यासारखा एक फुकटचा उपायही आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्यामुळे फायदा त्यापेक्षा कमी मिळतो, पण मिळतो. टेबल पडद्याजवळून उचलून समोरच्या भिंतीला लावलं, तर एक पैसाही न खर्चता थोडंसं काम होऊन जातं. दुसरं म्हणजे टेबलचा पत्रा किंवा सनमायका लावलेली पातळ फळी तबल्याच्या चामड्यासारखी वागते, म्हणजे क्लिकची कंपनं घेऊन मोठी करते. माउसखाली जाड कापडी पॅड ठेवा. पॅडमुळे माउस घासण्याचा खर्र आवाजही जातो.

दुकानात काय पाहावं

बर्डीवर माउस घ्यायला गेलो तेव्हा एका दुकानात विचारलं, "भाऊ, हा सायलेंट आहे का?" उत्तर आलं, "एकदम सायलेंट! वायरच नाही ना त्याले!" तेव्हा वायरलेस आणि सायलेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी स्वतः लक्षात ठेवा, मग दुकानात पाय टाका.

चांगली गोष्ट अशी की क्लिकचा आवाज ऐकायला सेल लागत नाही. खोकं उघडून माउस नुसता काउंटरवर ठेवा आणि दोन्ही बटणं आधी हळू, मग भराभर दाबून पाहा. सोडतानाचा आवाज वेगळा ऐका. नंतर चाक फिरवा. बऱ्याच स्वस्त सायलेंट माउसमध्ये दोन बटणंच शांत असतात, चाक मात्र सायकलच्या फ्रीव्हीलसारखं कर्रकर्र वाजतं. लांबलचक शीट वर-खाली करणाऱ्याला क्लिकपेक्षा चाकाचाच त्रास जास्त. चाक खाली दाबूनही पाहा, कारण मधल्या बटणाला बहुतेक वेळा जुनाच आवाजाचा स्विच असतो. माउस हलवून आत काही खुळखुळतं का तेही बघून घ्या.

आकाराबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो की लहान म्हणजे सोयीचा. बॅगेत न्यायला सोयीचा हे खरं. हाताला असेलच असं नाही. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तळहात मोजा. माउसची लांबी त्याच्या साधारण साठ टक्के असावी असा एक ढोबळ नियम वापरतात. १७ सेंटीमीटरच्या हाताला सुमारे १० सेंटीमीटरचा माउस झाला. वर सांगितलेला एम २२० जवळपास ९९ मिलिमीटर लांब आणि ३९ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे लहान हाताला बरोबर. एम ३३० थोडा मोठा, १०५ मिलिमीटरचा. याच कंपनीचा २०१९ सालचा पेबल हा गोट्यासारखा चपटा माउस दिसायला फार देखणा आहे, पण उंची जेमतेम २७ मिलिमीटर. तळहाताला खालून आधार मिळत नाही, मग हात अधांतरी राहतो किंवा मनगट टेबलवर टेकून मागे वाकतं. दिवसातून तासभर वापरायला ठीक. सहा-सात तास हिशेब लिहायचे असतील तर मी तरी घेणार नाही. लहानच हवा असेल तर लांबीत लहान घ्या, उंचीत नको. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउसच पाहावा.

डीपीआयच्या आकड्यांना भुलू नका. १००० डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की १००० मोजण्या. स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला १.९२ इंच, म्हणजे पाच सेंटीमीटरच्याही आत हात हलवावा लागतो. ऑफिसच्या कामाला एवढं पुष्कळ झालं. पुढचे आकडे गेम खेळणाऱ्यांसाठी.

बिनवायरची भानगड

वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. भारतात २००५ पासून २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी लायसन्सशिवाय खुला आहे. त्यामुळे वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. एवढ्या गर्दीतही माउस सहसा नीट चालतो, कारण त्याला पाठवायची माहिती अगदी थोडी असते आणि एक वाट बंद दिसली की तो दुसऱ्या चॅनेलवर उडी मारतो.

पॉइंटर अडखळत असेल तर गुन्हेगार बहुतेक वेळा आपल्याच टेबलवर सापडतो. यूएसबी ३.० मध्ये माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने जाते आणि त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपणच प्रसिद्ध केलं होतं. निळ्या यूएसबी पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क आणि तिला चिकटून माउसचं डोंगल, अशी जोडी असली की माउस झटके खाऊ लागतो, लोक माउसला शिव्या घालतात आणि नवा आणतात. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये लावा, किंवा हातभर एक्स्टेंशन केबल घेऊन माउसजवळ आणून ठेवा. काम झालं. जुन्या ऑफिसांमध्ये लोखंडी टेबल, टेबलखाली पत्र्याचा कॅबिनेट आणि कॅबिनेटच्या मागे डोंगल असा प्रकार असतो. तिथेही हाच उपाय.

डोंगलचा घ्यावा की ब्लूटूथचा? ऑफिसचा जुना डेस्कटॉप असेल तर डोंगल, कारण लावलं की चालू, कॉम्प्युटर सुरू होतानासुद्धा चालतं. लॅपटॉपला दोनच पोर्ट असतील, किंवा कंपनीने यूएसबी पोर्ट बंद करून ठेवले असतील, तर ब्लूटूथ. दोन्ही सोयी असलेला मिळाला तर थोडे जास्त पैसे देण्यात हरकत नाही. ताईला घरी लॅपटॉप आणि ऑफिसात डेस्कटॉप वापरावा लागतो, म्हणून आम्ही तसाच घेतला.

नाव-गाव नसलेला अगदी स्वस्त माउस हिशेबाच्या कामाला टाळावा असं वाटण्याचं एक वेगळं कारण आहे. २०१६ साली बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी माउसजॅक नावाची त्रुटी उघड केली. अनेक नामांकित कंपन्यांच्या डोंगलना दूरवरून खोटे संदेश पाठवून जणू कीबोर्डवर कुणी टाईप करत आहे असं भासवता येत होतं, कारण माउसचे संदेश एन्क्रिप्ट केलेले नसत. त्यानंतर काही कंपन्यांनी फर्मवेअर सुधारून दिलं. ज्या कंपनीचा पत्ताच खोक्यावर नाही ती काय सुधारून देणार?

सेल, ऊन आणि धूळ

बहुतेक लहान माउस एका पेन्सिल सेलवर चालतात. खोक्यावर १८ महिने लिहिलेलं असतं. तपासून पाहू. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास धरा. १८ महिन्यांचे तास झाले १२,९६०. भागाकार केला तर सरासरी प्रवाह येतो ०.१९ मिलिअँपिअर. आता ऑप्टिकल माउस म्हणजे खरं तर एक चिमुकला कॅमेराच. १९९९ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ऑप्टिकल माउसमध्येच तो सेकंदाला १५०० चित्रं काढत होता. एवढं काम ०.१९ मिलिअँपिअरमध्ये सतत होणं शक्य नाही. नुसता एक एलईडी १० मिलिअँपिअर घेत राहिला तर हाच सेल २५० तासांत, म्हणजे दहा-अकरा दिवसांत संपेल. याचा अर्थ असा की माउस बहुतांश वेळ झोपलेला असतो आणि ते १८ महिने अशा झोपाळू वापराचे आहेत. आठ तास काम करणाऱ्याने त्यापेक्षा बरेच कमी धरावेत. माउसची झोप कशी मोडते तेही पाहून घ्या. काही माउस नुसते हलवले की जागे होतात, काहींना क्लिक करावं लागतं, आणि शांत घरात तो एक जादा क्लिक झाला.

आतच बॅटरी असलेले, चार्ज होणारे माउसही मिळतात. नागपूरच्या हवेत मी पेन्सिल सेलवाल्याच्या बाजूने आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिक्कीत तापमान याहून वर जातं. लिथियम बॅटरीला ही उष्णता मानवत नाही, तिचं आयुष्य घटतं आणि ती सहसा बदलताही येत नाही. सेल मात्र पानठेल्याशेजारच्या दुकानातही मिळतो. सुट्टीत माउस पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. स्वस्त सेल गळला की स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर चढतो आणि चांगला माउस कचऱ्यात जातो.

कन्हानकरांना कोळशाच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. सकाळी पुसलेल्या टेबलवर संध्याकाळी बोट फिरवून पाहा. ही धूळ माउसच्या पायांच्या चकत्यांखाली जमते आणि मग शांत माउससुद्धा खरखरतो. चाकाच्या फटीतून आत गेली की पान खाली सरकवताना मधूनच वर उडी मारतं. आठवड्यातून एकदा माउस उलटा करून, बंद करून, कोरड्या कापडाने पुसा. सेन्सरच्या भिंगावर फुंकर किंवा कापसाची काडी पुरे, पाणी नको. टेबलवर काच असेल तर तिच्यावर पॅड हवाच, कारण पारदर्शक काचेवर साध्या सेन्सरला पकडायला काही खुणाच सापडत नाहीत.

स्विचच्या आयुष्याचा आकडाही खोक्यावर असतो. समजा दिवसाला ३००० क्लिक आणि वर्षाचे ३०० दिवस, तर वर्षाला ९ लाख क्लिक झाले. ३० लाखांचा स्विच तीन वर्षांहून थोडा जास्त जाईल, १ कोटीचा अकरा वर्षं. माउस म्हातारा झाला की एका क्लिकचे दोन होऊ लागतात. वॉरंटी चालू असेल तर तेवढ्यावर बदलून मागता येतो, फक्त बिलावर दुकानाचा शिक्का आणि तारीख हवी.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे डोंगलवर पेनाने किंवा नेलपॉलिशने खूण करणं. माउस बहुतेकांच्या ऑफिसात सारखेच असतात आणि एकाचं डोंगल दुसऱ्याच्या माउसला सहसा चालत नाही. बॅगेत टाकताना ते माउसच्या पोटातल्या खोबणीत ठेवायचं आणि खालचं बटण बंद करायचं. कन्हान ते नागपूर वीसेक किलोमीटर बसमध्ये माउस बॅगेत हिंदकळत जातो, जागा होत राहतो आणि सेल खात राहतो.

आमच्या घरी आता माउसचा आवाज पडद्यापलीकडे जात नाही. ताईचा कीबोर्ड मात्र अजून वाजतो, त्याचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत करून ठेवलं आहे. मेम्ब्रेन आणि मेकॅनिकल स्विचची तुलना कुणाला प्रोजेक्ट म्हणून करायची असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन भेटा.